हमालाची वही कोरी का?

रमजानच्या दिवसांत बडनेरा स्टेशनवर संध्याकाळी एक दृश्य दिसते. गाडी फलाटाला लागलेली असते. उतरणाऱ्यांची घाई असते. बाहेर ऑटोवाले 'अमरावती, अमरावती' असा पुकारा करत असतात. तेवढ्यात वस्तीतून मगरिबची अजान ऐकू येते. एखादा हमाल डोक्यावरची बॅग क्षणभर खाली ठेवतो, खिशातल्या पुडीतला खजूर तोंडात टाकतो, नळाचे दोन घोट पाणी पितो आणि बॅग पुन्हा उचलतो. दिवसभराचा रोजा सुटायला त्याला मिनिटही लागत नाही. प्रवाशाला पुढची गाडी गाठायची असते, आणि हमालाला त्याची मजुरी.

रमजानच्या पानांवर शीरखुर्म्याची कृती येते, अत्तराच्या दुकानांचे फोटो येतात, इफ्तारच्या पंगतीच्या बातम्या येतात. ते यायलाच हवे. शेजाऱ्याच्या सणाची चव शेजाऱ्याला कळली पाहिजे. पण ज्या खांद्यावरून ती बॅग गेली, त्या खांद्याची गोष्ट कुठल्या पानावर येते? तो हमाल चाळीस वर्षे त्याच फलाटावर असतो. हजारो माणसांचे येणे-जाणे त्याने पाहिलेले असते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे, असे त्याला कुणी विचारलेले नसते. म्हणून त्यानेही कधी लिहिलेले नसते.

पाहिले सगळ्यांनी, लिहिले कुणी नाही

बडनेरा हे कष्टकऱ्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्यावर पडली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. अमरावतीची मोठी कापूस बाजारपेठ मुख्य मार्गापासून थोडी बाजूला राहिली, म्हणून बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा काढला गेला. स्टेशन आले, जिनिंग-प्रेसिंग आले, कापडाची गिरणी आली. जुनी वस्ती होतीच. रुळांच्या आधाराने नवी वस्ती वाढली.

या सगळ्यामागे हात होते. रुईच्या गाठी वाहणारे हमाल, रुळांवर उन्हातान्हात हातोडा चालवणारे गँगमन, सांधेवाले, खलाशी, फिटर, गिरणीतले कामगार, घोडागाडीवाले आणि पुढे ऑटोवाले. त्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. मुसलमानही मोठ्या संख्येने होते. काहींचे धंदे तर पिढीजात. पिंजारी दारोदार फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या पिंजणाच्या तारेचा आवाज आला की पोरे भोवती जमायची. आता गादी तयार मिळते. तो आवाज ऐकलेली पिढी साठीच्या पुढे गेली आहे. कुणी बागवान, कुणी अत्तार, कुणी बेकरीच्या भट्टीपुढे रात्र काढणारा, कुणी गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा पडलेला. घराघरात शिलाई मशीनवर बसलेल्या बाया तर मोजदादीतच नाहीत. रमजानमध्ये त्या सहेरीच्या स्वयंपाकाला पहाटे तीनला उठतात. ईदचे कपडे शिवून द्यायचे असतात म्हणून तरावीहच्या नमाजानंतरही त्यांचे मशीन चालू राहते.

हे सगळे गावाने पाहिले आहे. मात्र हे जगलेल्या माणसाने स्वतः, आपल्या हाताने लिहिलेले मराठी पुस्तक शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. हे कोरेपण एकट्या बडनेऱ्याचे नाही. सबंध महाराष्ट्रातल्या मुस्लिम कष्टकऱ्याची वही मराठीत जवळपास कोरी आहे. आणि हे त्या मराठीत घडले आहे, जिच्याइतके कष्टकऱ्यांचे आत्मकथन भारतातल्या फार थोड्या भाषांत झाले असेल.

मराठीने कष्टाला पान दिले

१९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि मराठी वाचकाच्या घरात एक वेगळेच जग शिरले. या पुस्तकाची मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली गोष्ट दया पवारांना सांगतो. दोघे एकच आहेत. पण जगणारा दगडू आणि लिहिणारा दया यांच्यात किती अंतर पडते, हे पहिल्या पानापासून जाणवते. कष्टकऱ्याच्या घरातून आलेल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला हे अंतर ओलांडावे लागते.

त्यानंतर वाट मोकळी झाली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ च्या 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामाला होते. जन्मानेच ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्या जमातीतला हा मुलगा आधी कामगार झाला, मग कामगारांचा कार्यकर्ता, मग लेखक. आपल्या विदर्भात नागपूरच्या वसंत मून यांनी 'वस्ती'मध्ये आपल्या वस्तीचे बालपण लिहून ठेवले. पुढे बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे खंड संपादित करणारा हा माणूस आईच्या मजुरीवर वाढला होता, हे त्या पुस्तकामुळे कळले.

बायांनी लिहिले ते आणखी कठीण परिस्थितीत. उर्मिला पवार यांच्या पुस्तकाचे नावच 'आयदान' आहे. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आई त्या विणून घर चालवायची. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे लेखिकेला वाटते. लेखन हा कष्टापासून सुटका झाल्यावर करायचा उद्योग आहे, ही समजूत या एका नावाने मोडली.

आपल्या अमरावतीचे उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० मधली कादंबरी. ते आत्मचरित्र नव्हे, पण गरीब शिंपी घरातल्या कौतिकची कष्टाची लढाई त्यांनी वऱ्हाडी बोलीत लिहिली. आपली बोली पुस्तकात शोभत नाही, असे ज्यांना आजही वाटते, त्यांनी ती एकदा वाचावी. वऱ्हाडीत घर, भूक, आजार, अब्रू सगळे मावते.

वही कुणीतरी हातात द्यावी लागते

या लेखकांच्या लिहिण्याच्या गोष्टी त्यांच्या पुस्तकांइतक्याच बोलक्या आहेत.

फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. मालाच्या पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसले की त्या रद्दीतली वर्तमानपत्रे वाचायच्या. तिथेच बसून त्यांनी आपल्या लोकांचे जगणे लिहायला सुरुवात केली. लिहिलेले कागद कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्या लपवून ठेवत. नवऱ्यालाही दाखवले नाहीत. अनेक वर्षे ते तसेच पडून होते. फलटणला संशोधनासाठी येऊन राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांना त्यांनी विश्वासाने ते सांगितले आणि त्यांच्या आग्रहामुळे ते बाहेर आले. 'स्त्री' मासिकात क्रमशः छापून आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. कुणी विचारलेच नसते तर? ते कागद रद्दीतून आले होते, रद्दीतच गेले असते.

अशीच गोष्ट बेबी हालदार यांची. ही बंगाली बाई दिल्लीजवळच्या गुडगावात धुणीभांडी करायची. एका घरी पुस्तकांवरची धूळ पुसताना तिचा हात पुस्तकावर रेंगाळतो, हे घरमालकांच्या लक्षात आले. ते होते प्रबोध कुमार, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रेमचंदांचे नातू. त्यांनी तिला वाचायला पुस्तक दिले आणि नंतर वही-पेन देऊन स्वतःचे आयुष्य लिहायला सांगितले. दिवसभराची कामे आटोपली, मुले झोपली की ती लिहायची. तिचे 'आलो आंधारि' आज जगातल्या अनेक भाषांत वाचले जाते.

उर्दूतही असे एक मोठे उदाहरण आहे. मराठी वाचकाला ते फारसे माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगायला हवे. एहसान दानिश हे उत्तर प्रदेशातल्या कांधल्याचे. गरिबीमुळे शाळा लवकर सुटली. पोटासाठी लाहोरला गेले. बिगारी, गवंडीकाम, माळीकाम, राखणदारी, मिळेल ते केले. पंजाब विद्यापीठाच्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी विटा आणि गारा वाहिला. दिवसा मजुरी आणि रात्री वाचन करत ते उर्दूतले नामवंत कवी झाले. लोकांनी त्यांना 'शायर-ए-मजदूर' म्हटले. १९८२ मध्ये ते वारले, पण त्याआधी 'जहान-ए-दानिश' या नावाने त्यांनी आपले आयुष्य गद्यात लिहून ठेवले. उर्दू शायरांच्या आठवणींत सहसा उस्ताद, मुशायरे आणि मैफली भेटतात. इथे डोक्यावर घमेले घेतलेला माणूस भेटतो. कुठल्या कामाला किती वेळ लागायचा, भूक लागल्यावर काय वाटायचे, मालक कसा बोलायचा, हे त्यात येते. विद्यापीठाच्या भिंतीला हात लागलेला मजूर आणि त्या विद्यापीठात न गेलेला विद्यार्थी हे दोन्ही तोच होता.

मराठीत त्यांच्या सर्वांत जवळचे नाव नारायण सुर्वे यांचे. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेले आणि आपले नाव दिले. त्या मुलाने पुढे हरकाम केले, गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाला आणि मग शिक्षक. १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा कवितासंग्रह आला. रशियाच्या मॅक्सिम गॉर्कीने आपल्या आत्मकथेच्या एका भागाला 'माझी विद्यापीठे' असे नाव दिले होते. ज्यांना विद्यापीठाचे दार उघडले नाही, त्यांनी रस्त्यालाच ते नाव दिले. याच सुर्व्यांनी उर्दूतले कृष्ण चंदर मराठीत आणले. कामगाराच्या घरी भाषांची भिंत फार उंच नसते, याचा हा पुरावा.

एकाच वर्षी गेलेले दोघे

तरीही सगळेच लिहू शकले नाहीत. १९६९ च्या पावसाळ्यात मराठी कामगारांचे दोन शाहीर गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख. अण्णा भाऊ वाटेगावाहून चालत मुंबईला आले होते. गिरणीत राबले, चिरागनगरच्या झोपडीत राहून त्यांनी कादंबऱ्या, कथा, पोवाडे लिहिले. रशियाचे प्रवासवर्णन लिहिले. पण स्वतःचे सलग आत्मचरित्र लिहायला त्यांना उसंत मिळाली नाही.

अमर शेख म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते त्यांना आईकडूनच मिळाली. मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, कामगारांच्या लढ्यात तुरुंगात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरून जायची. मुसलमान घरातला क्लीनर मराठीचा लोकशाहीर झाला. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आहेत. पण महबूबपासून अमरपर्यंतची वाट त्यांनी स्वतः सलग लिहून ठेवली नाही. अपघातात ते अचानक गेले. क्लीनरच्या नोकरीत पोराचे हात कसे व्हायचे, मुनेरबीने त्याला कसे वाढवले, रमजान आणि संप एकाच महिन्यात आला तर घरात काय व्हायचे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळणार नाही.

त्यांची मुलगी मलिका अमर शेख यांनी मात्र लेखणी उचलली. स्वतःचे आयुष्य त्यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये न घाबरता लिहिले आणि वडिलांवर 'सूर एका वादळाचा' लिहिले. बापाने गायले, मुलीने लिहिले. पुढच्या पिढीने हात दिला म्हणून निदान एवढे वाचले.

योगायोग असा की त्याच १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाचे नाव पहिल्यांदा कायद्याने नोंदवहीत आले. हजेरी, मजुरी, भविष्य निर्वाह निधी, सगळ्याला रकाना मिळाला. नोंदवहीत नाव आले ही मोठी गोष्ट झाली. पण रकान्यात माणूस मावत नाही. त्यासाठी वेगळी वही लागते.

दोन लिप्यांच्या मध्ये

मुस्लिम कष्टकऱ्याने मराठीत का लिहिले नाही? 'त्यांना मराठी येत नाही', हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही. बडनेऱ्याच्या बाजारात तासभर उभे राहिले तरी ते कळेल. भाजीवाला बागवान शेतकऱ्याशी जी वऱ्हाडी बोलतो, ती कुठल्याही पाटलाच्या तोंडी शोभेल अशी असते. मराठीत लिहिण्याची परंपराही जुनी आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' कित्येक शतकांपूर्वी लिहिला. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या प्रवाहाला उभे केले. कविता आल्या, कथा आल्या, वैचारिक लेखन आले. मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे प्रांजळ आत्मकथन १९९५ मध्ये आले. पण त्याचा गाभा संसार आणि चळवळ हा आहे. भट्टी, हातगाडी, फलाट, गॅरेज इथून निघालेले आत्मकथन अजून वाट पाहते आहे.

अडचण भाषेच्या वाटणीची आहे. घरात दखनी वळणाची उर्दू, बाजारात वऱ्हाडी, कचेरीत प्रमाण मराठी आणि मोबाइलवर हिंदी. मुलगा उर्दू शाळेत चार-सात इयत्ता शिकतो आणि कामाला लागतो. उर्दू लिपी येते, पण तिचा रोजच्या कामाशी संबंध उरत नाही. मराठी बोलता येते, पण लिहायची सवय नसते. ज्या भाषेत तो घाम गाळतो तिच्यात लिहीत नाही, आणि ज्या भाषेत लिहायला शिकला तिच्यात त्याच्या कामाचे शब्द नाहीत. दोन्हीकडची अक्षरे ओळखीची, आणि दोन्हीकडे तो परका.

दुसरी अडचण प्रतिष्ठेची. उर्दूत लिहिणे म्हणजे गझल, असे आपल्याकडे अजूनही धरले जाते. मालेगाव-भिवंडीकडे मागावर बसून शेर रचणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. पण तोच विणकर आपल्या मागाबद्दल, मालकाबद्दल, कानात बसलेल्या खडखडाटाबद्दल गद्यात लिहायला सहसा तयार नसतो. शेरात दुःख सुंदर होते. गद्यात ते जसेच्या तसे दिसते, आणि त्याची लाज वाटते. 'बाप हमाल होता' हे शिकलेल्या मुलाला लग्नाच्या बैठकीत सांगावेसे वाटत नाही. समाजातल्या खात्यापित्या मंडळींनीही ही लाज घालवण्यासाठी फारसे काही केले नाही. जलशाला वर्गणी मिळते, मुशायऱ्याला मिळते. कामगाराच्या आठवणी छापायला कोण देणार?

आणि तिसरी गोष्ट दुसऱ्या बाजूची. मराठी संपादक, प्राध्यापक, प्रकाशक यांनी तरी कधी विचारले? मुसलमान लेखकाला रमजानला रोज्यांवर आणि ईदला बंधुभावावर लिहायला सांगितले जाते. त्याच्या बापाच्या हातगाडीवर लिहायला कुणी सांगत नाही. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला हलवले ते उपदेशाने नव्हे. घर, भांडे, भाकर, शिवी, शाळा असे सगळे उघडे दाखवल्यामुळे हलवले. शेजारी शेजाऱ्याला तसाच कळतो. बंधुभावाच्या दहा भाषणांनी जे होत नाही, ते एका हमालाच्या खऱ्या वहीने होऊ शकते.

निरक्षर माणसाच्या नावाचे विद्यापीठ

'पण ज्याला लिहिताच येत नाही त्याने काय करायचे?' असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर अमरावतीतच आहे. इथल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात परीट घरात जन्मलेला, मामाच्या घरी गुरे राखलेला, शेतात राबलेला, हातात खराटा घेतलेला हा माणूस शाळेत शिकलेला नव्हता. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. पण प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्याचे चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकरांनी लिहिले. १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेले त्याचे शेवटच्या दिवसांतले कीर्तन कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवले. म्हणून बाबांची वऱ्हाडी, त्यांचे प्रश्न विचारणे, लोकांकडून उत्तर वदवून घेणे आजही जसेच्या तसे कानावर पडते. सांगणारा निरक्षर असला तरी चालते. टिपून घेणारा जागा असावा लागतो.

रमजानच्या महिन्यालाही हे नवीन नाही. कुरआनच्या अवतरणाची सुरुवात याच महिन्यातली. त्यातला पहिला शब्द 'इकरा', म्हणजे वाच, आणि लगेच पुढे लेखणीचा उल्लेख. ज्यांच्यावर तो संदेश उतरला त्या पैगंबरांनी लहानपणी मेंढ्या राखल्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, असे परंपरा सांगते. त्यांनी सांगितले, ऐकणाऱ्यांनी पाठ केले आणि चामड्याचे तुकडे, खजुराच्या फांद्यांचे देठ, रुंद हाडे, मिळेल त्यावर लिहून घेतले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही त्यांची शिकवण मशिदीत वारंवार सांगितली जाते. घामाची मजुरी तर द्यायचीच. पण घामाची नोंद ठेवणे हेही एक देणेच आहे.

काय लिहायचे?

'आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?' हे प्रत्येक कष्टकऱ्याचे पहिले वाक्य असते. थोर विचार नकोत. पहिल्या दिवशी कामावर कुणी नेले, मजुरी किती मिळाली आणि त्या पैशांचे काय आणले, हे पुरेसे आहे. हत्याराचे नाव काय, ते कसे धरायचे, कुठे इजा झाली, कुणी पट्टी बांधली. पिंजणाची तार कशाची होती. गाठ उचलताना किती जण लागत आणि एका दमात उचलण्यासाठी कोणती आरोळी देत. भर उन्हाळ्यातल्या रोज्यात रुळावर काम करताना तहान कशी मारली. कामावर सोबत असलेला हिंदू दोस्त समोर पाणी प्यायचे कसे टाळायचा, किंवा टाळायचा नाही आणि त्याचेही कुणाला काही वाटायचे नाही. गिरणी थांबली त्या महिन्यात घरी काय शिजले. दंग्याच्या अफवेच्या रात्री कुणाच्या घरी झोपायला गेलो. आईने कुठला दागिना मोडून शाळेची फी भरली.

भाषेची काळजी करू नये. जशी तोंडात येते तशी लिहावी. अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी असली तरी चालेल. ती आपली खरी भाषा आहे आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणूनच ती लिहिली पाहिजे. शुद्धलेखन नंतर कुणीही तपासून देईल. आठवण नंतर कुणी देऊ शकणार नाही.

घाई करायला एक कारण आहे. गिरणीचा भोंगा ऐकलेले, गाठी वाहिलेले, पिंजणाचा आवाज आठवणारे लोक दर वर्षी कमी होत आहेत. ज्या आजोबांनी चार ओळी कुठे उर्दूत लिहून ठेवल्या असतील, त्यांच्या नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. ती इंग्रजी शाळेत जातात. पेटीतला तो कागद त्यांच्यासाठी नुसत्या रेषा आहेत. आणखी दहा वर्षांनी तो वाचून दाखवणाराही घरात नसेल. मग घर बदलताना पेटी निघेल आणि कागद रद्दीत जाईल. बेबी कांबळेंच्या दुकानात रद्दीतून पुस्तक निघाले. इथे उलटे होईल.

महाविद्यालयांना हे काम अवघड नाही. मराठी आणि उर्दू विभागाच्या मुलांनी दोघा-दोघांच्या जोडीने जावे. एकाला लिपी येते, दुसऱ्याला मराठी लिहिता येते. एका म्हाताऱ्यासाठी दोन दुपारी काढल्या तरी एक वही भरेल. मोबाइलवर आवाज तर आजही टिपता येतो.

ईदच्या सकाळी नमाज झाली की घरोघरी शीरखुर्म्याच्या वाट्या फिरतात. हिंदू मित्र येतात, बौद्ध मित्र येतात, गळाभेटी होतात. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा नवे कपडे घालून बसलेला असतो. सगळे त्याला सलाम करतात, तो हात वर करतो आणि गप्पा पुढे जातात. या ईदला कुणीतरी वाटी घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे, 'चाचा, तुमची पहिली मजुरी किती होती?'

आणि तो सांगू लागला की मध्ये बोलू नये.